रुखवतातली चुंबळ

शाळेच्या दुरुस्तीआधी आम्हा शिक्षकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. जुन्या घरांत अ‍ॅस्बेस्टॉस कुठे कुठे असतो, ते साहेब सांगत होते. सिमेंटचे पत्रे, सांडपाण्याचे जुने पाइप, भट्टीला गुंडाळतात तो न जळणारा पांढरा दोर. झिजला की त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. पत्र्यांपर्यंत मी डुलक्या घेत होतो. दोराचं नाव निघालं आणि माझी झोप उडाली.

बाबा माजरीला खाणीच्या वर्कशॉपमध्ये होते. त्या दोराचे टाकाऊ तुकडे ते घरी आणायचे. आई ते कुटून मऊ करायची आणि गरम गंजा-पातेल्यांखाली ठेवायच्या चुंबळी वळायची. कडेला लाल लोकर, वर चार टिकल्या. कॉलनीतल्या प्रत्येक मुलीच्या रुखवतात आईची चुंबळ असायचीच. "माही चुंबळ जळत नाई," हे ती तिला काडी लावून वऱ्हाड्यांना दाखवायची.

मी घरी येऊन सांगितलं, तर ती माझ्यावरच उखडली. "तुह्या साहेबाले म्हणा, पह्यले एक वळून दाखव." मग खोकली. दोन वर्षांचा कोरडा खोकला, आम्ही चुलीच्या धुरावर ढकललेला. खोकला थांबल्यावर म्हणाली, "चाल. साऱ्या वापस आणू."

ओलं फडकं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन आम्ही त्या पोरींच्या सासरी दारोदार फिरलो. रुखवतातली वस्तू परत मागायला आलेल्या बाईचं काय करायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून प्रत्येकीने आईची ओटी भरली. एक बिचारी रडवेली झाली. "काऊन काकू, माह्याकडून काही चुकलं का?" दुसरीने चुंबळ देव्हाऱ्यात कलशाखाली ठेवली होती. तिथे आधी आरती झाली, मग ती आमच्या पिशवीत आली. विष गोळा करायला निघालेले आम्ही नारळ आणि ब्लाऊजपीस घेऊन परतत होतो. मला हसू आवरत नव्हतं आणि आईला राग.

कचरागाडीवाल्याने विचारलं, "ओला का सुका?"

"सुका होता, धूळ उडू नये म्हणून ओला केला," मी म्हणालो. त्याने गाडी पुढे काढली. पिशव्या अजून आमच्या न्हाणीघरात आहेत, चिकटपट्टी लावून.

आठवड्याने मी आईला छातीच्या फोटोसाठी चंद्रपूरला नेलं. दवाखाना दिसल्यावर म्हणाली, "फोटोचं कॉलनीत कोणाले सांगू नको. पोरी घाबरतीन."

"त्यांनाही कळायला हवं ना?"

"त्याहिनं तं निस्ते भांडे ठेवले," ती म्हणाली. "कुटलं मी."