भावाच्या नावाची चक्की

शेवंताचा मले राग येते, अन् राग आला की मलेच रडू येते. असं होऊन राहिलं आजकाल माह्यं.

आम्ही दोघी सेक्टरातल्या शेजारणी. तिचा नवरा जानराव सरकारी स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर होता, माहा रेल्वेत. नेहरू नगरच्या बाजारात शेवंताची तिखट-हळद दळायची चक्की. उन्हाळा लागला की बायका मिरचीच्या थैल्या घेऊन दारात बसलेल्या, अन् ही आपली नाकाले पदर बांधून मशीनपाशी. मी गेली की शिंकून शिंकून बेजार. ती म्हणे, "तारा, तू आली की मले गिऱ्हाइकाइचं बोलणंच ऐकू येत नाही. घरी जाऊन शिंक." अशी बाई ती.

दुकान जानरावनं ओव्हरटाइम करू करू घेतलं होतं. पण रजिस्ट्रीच्या वक्ती कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, की प्लांटच्या माणसाले धंदा चालत नाही, बायकोच्या नावानं घेतलं तरी ऑफिसले खबर लागते. नोकरी जाईन म्हणून घाबरला बिचारा. मंग शेवंताच्या भावाच्या, धोंडबाच्या नावानं रजिस्ट्री केली. धोंडबा अहिवाऱ्याले राहे. त्यानं कधी दुकानावर वाकडी नजर टाकली नाही, हेही खरं. करून घेऊ नावावर सावकाश, असं सगळेच म्हणत राहिले. कोणाले घाई होती?

धोंडबा वारला. वर्षही झालं नाही तर त्याचा पोरगा राजदीप दारात हजर. "जयभीम आत्या. दुकानाले गिऱ्हाईक पाहून राहिलो. तुम्ही इतके दिवस चालवलं, आमी कधी काही म्हटलं नाही. पण आता खाली करून द्या."

शेवंता, जानराव अन् मी, आम्ही तिघं दुर्गले वकिलाकडे गेलो. प्राची नावाची पोरगी आहे, आपल्याच समाजातली, तिच्या आईले मी ओळखते. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणे, "काकू, दुसऱ्याच्या नावानं घेतलेली जागा खरी आमची आहे, असं म्हणून दावाच लावता येत नाही. याला बेनामी म्हणतात. काकांनी तुमच्या नावानं घेतली असती तर काही अडचण नव्हती. बायकोच्या नावाला कायद्यात सूट आहे."

जानरावनं खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही हातानं डोकं धरलं. ज्या नावाले तो भ्याला, तेच नाव चाललं असतं.

मी काही गप बसणारी नाही. म्हटलं, "अवं पण ताबा तर हिचाच आहे ना? सारा बाजार ओळखते हिले."

प्राचीनं शेवंताले विचारलं, "दुकान कोणाचं, असं लोकांना काय सांगत होत्या तुम्ही?"

शेवंता खाली पाहू लागली. मंग मलेच सांगा लागलं. विहारात म्हणा, लग्नात म्हणा, चार माणसं बसली की धोंडबा म्हणे, "बहिणीले दुकान घेऊन देल्लं मी." अन् ही मान डोलवे. सासरच्याइसमोर भावाची मान वर राहावी, माहेरच्या माणसाले चारचौघात खोटं पाडू नये, हे आपल्या बायकाइच्या अंगातच असते. जानरावही हसून सोडून दे. त्याची नोकरीही त्याच खोट्याखाली झाकून होती ना.

प्राची म्हणाली, "म्हणजे भावाच्या मर्जीनं बसल्या होत्या, असंच कोर्ट धरणार. अन् भावानं दिलं म्हणाल, तर दानाची रजिस्ट्री दाखवा म्हणतील." मंग आवाज उतरवून म्हणे, "राजदीपलाच समजावून सांगा. दुसरं काही नाही माझ्याकडे."

त्या पोरीवर चिडून काय करू? तिचं काहीच चुकलं नव्हतं.

राजदीपले समजावलं. जानरावनं सोता सांगितलं, पहिल्या दिवसापासून सगळं. पोराच्या डोळ्यात पाणी आलं. "आत्या, बाबा जिते होते तवा एकदा तरी म्हटलं का तुम्ही? अब वो चले गये, तो झूठे हो गये?" लबाड असता तर मी त्याले चांगल्या शिव्या हासडल्या असत्या. पण लहानपणापासून बापाच्या तोंडून त्यानं तेच ऐकलं होतं, अन् आत्याची मान डोलताना त्यानं सोता पाहिली होती.

मागच्या हप्त्यात तो घेणाऱ्याले घेऊन आला. मी तिथंच होती. घेणाऱ्याले बाजारातल्या कोणीतरी सांगितलं होतं, चक्की तर त्या बाईची आहे. तो सरळ शेवंतालेच म्हणाला, "अम्मा, पहले आप बताओ, दुकान किसकी है? झगड़े वाली चीज मैं नहीं लेता."

मी तिले कोपरानं ढोसलं. म्हण ना बाई, माही आहे म्हण. हा तरी पळून जाईन. आजूबाजूचे दुकानदार ऐकत उभे होते. राजदीप नुसता तिच्या तोंडाकडे पाहून राहिला होता.

शेवंता म्हणाली, "मेरे भाई की थी. अब इसकी है."

राजदीप वाकून तिच्या पाया पडला. "आत्या, बाबाची इज्जत राखली तुम्ही."

"सुखी राह्य, बाबू," ती म्हणाली.

जानरावनं आत जाऊन मशीनचं बटन बंद केलं अन् बाहेर येऊन चाबी राजदीपच्या हातात देल्ली. राजदीप त्याच्याही पाया पडला.