‘शुध्दलेखन’ शोधणारी माणसं

माझं काम काय आहे, हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता येत नाही. आई शेजारणींना सांगते, "ती कॉम्प्युटरमध्ये आहे." जणू मी आत बसलेय आणि मला कुणीतरी बाहेर काढायला हवं. काम तसं सोपं आहे. लोक मोबाईलवर काही शोधतात तेव्हा आमच्या गिऱ्हाइकाची वेबसाइट वर दिसली पाहिजे. त्यासाठी लोक नेमके कुठले शब्द टाइप करतात ते हुडकायचं आणि त्या शब्दांना धरून मजकूर लिहायचा. लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत एसीत कुडकुडत मी दिवसभर हेच करते. माणसं 'उत्तम गादी' कधीच शोधत नाहीत. ती 'पाठ दुखते कुठली गादी घेऊ' असं शोधतात. गादीवाल्याला हे एवढं सांगायचे मला पैसे मिळतात, आणि माझी काही तक्रार नाही.

आत्याला मात्र माझ्या कामाबद्दल काडीचा आदर नव्हता. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली मराठीची बाई. लग्न केलं नाही. दादरला एकटीच राहते. आमच्याकडे लालबागला यायची तर नाक्यावरच्या एकेका बॅनरपाशी थांबत यायची, आणि कुठे 'हार्दीक शुभेच्छा' दिसलं की मग घरी चहा गार होईपर्यंत तोच विषय. निवृत्तीनंतर दर शनिवारी दुपारी ती एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये शुद्धलेखनाचा वर्ग घ्यायची. शुक्रवारी साडीला इस्त्री, शनिवारी वर्ग, रविवारी वर्गात कोण काय बोललं ते आम्हाला फोनवर. सोमवारपासून पुढच्या शनिवारची तयारी. तिचा आठवडा असा त्या एका दुपारवर उभा होता.

एक दिवस तिचा ऑफिसात फोन आला. ती कधी ऑफिसात फोन करत नाही. वाचनालयाच्या कार्यवाहांनी तिला बोलावून घेतलं होतं. वर्गाला चार टाळकी येतात, हॉलचं वीजबिलही निघत नाही, झुंबावाल्या एक मॅडम विचारतायत. दिवाळीपर्यंत डझनभर माणसं जमली तर ठीक, नाहीतर हॉल झुंबाला.

"झुंबा म्हणजे नेमकं काय गं?" आत्याने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला हसू येता येता राहिलं. गाण्यावर नाचत करायचा व्यायाम, असं मी सांगितलं. खरं सांगते, मी घाबरले. या बाईचा वर्ग गेला तर ती दोन महिन्यांत म्हातारी होईल, हे मला दिसत होतं.

वर्गाची वेबसाइट होती. तिने कुणाकडून तरी करून घेतलेली. मी उघडली. पहिलंच वाक्य होतं, 'मातृभाषेच्या संवर्धनार्थ व लेखनविषयक अनास्थेच्या निर्मूलनार्थ सदर वर्ग आयोजिण्यात येत आहे.'

"आत्या, ही वेबसाइट आहे की परिपत्रक?"

"त्यात एक चूक दाखव," ती म्हणाली.

चूक नव्हतीच. तेच तर दुखणं होतं. 'अनास्थेचे निर्मूलन' असं मोबाईलवर टाइप करणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

त्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन तिच्याकडे गेले. ती डायनिंग टेबलावर कागद पसरून कोलंबी सोलत बसली होती, मी दुसऱ्या टोकाला. मराठी लिहिण्याबद्दल लोक काय शोधतात ते मी काढत गेले आणि वाचून दाखवत गेले. 'न आणि ण कुठे वापरायचा.' 'ऱ्हस्व दिर्घ कसे ओळखावे.' यातला 'दिर्घ' ऱ्हस्व लिहिलेला होता, हे मी तिला सांगितलं आणि पस्तावले. मग मुख्य शब्द आला. मी स्क्रीन तिच्याकडे वळवली.

'शुद्धलेखन' या शब्दात आधी द येतो आणि त्याला ध जोडतात. लोक उलटं करतात. आधी ध, मग द. 'शुध्दलेखन'. थोडेथोडके नाही, जो तो तसंच शोधत होता. बरोबर लिहून शोधणारे अगदीच तुरळक.

आत्याने हातातली कोलंबी खाली ठेवली. चष्मा मनगटाने वर ढकलला. "हे मेले शिकले कुठे?"

"अगं, ज्यांना तो शब्द बरोबर लिहिता येतो ते तुझा वर्ग शोधतील कशाला?"

तिने परत कोलंबी उचलली. मला वाटलं, पटलं. मी उत्साहात पुढे बोलून बसले, "म्हणून आपण तुझ्या पानावर 'शुध्दलेखन' असंच लिहायचं."

नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. शुद्धलेखनाच्या वर्गाच्या पाटीवर शुद्धलेखनाचीच चूक. उद्या जुने विद्यार्थी बघतील, कार्यवाह बघतील. "मी मेल्यावर लाव," म्हणाली आणि कोलंबी घेऊन स्वयंपाकघरात गेली. मला जेवायला मात्र वाढलं. रागावली तरी आत्या उपाशी पाठवत नाही, फक्त बोलत नाही. रस्सा झकास झाला होता, हे मी भिंतीला सांगितलं.

पुढे दोन आठवडे आम्ही दोघीही ताठ. मीही काही कमी हट्टी नाही, शेवटी त्याच घरातली. शेवटी फोन मीच केला, कारण दिवाळी माझ्यासाठी थांबणार नव्हती. मी म्हटलं, "आत्या, माणूस ज्या नावाने हाक मारल्यावर वळून बघतो, त्याच नावाने त्याला हाक मारावी लागते. एकदा वळला की मग सांग त्याचं खरं नाव."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "लिहीन. पण चुकीच्या शब्दावर लाल काट मारायची."

"मारू."

"प्रत्येक ठिकाणी."

"प्रत्येक ठिकाणी."

काट मारलेला शब्दही सर्चला बिनकाटेच्या शब्दाइतकाच दिसतो, हे मी तिला सांगितलं नाही. अळीमिळी गुपचिळी. अडलं ते फक्त मथळ्यात, कारण सर्चमध्ये दिसणाऱ्या मथळ्याला काट मारता येत नाही. त्यावर तोडगा तिनेच काढला. मथळा प्रश्नार्थक करायचा. 'शुध्दलेखन की शुद्धलेखन?' प्रश्न विचारणं म्हणजे चूक करणं नव्हे, असं तिने मला दोनदा ऐकवलं. मला वाटतं, त्यातला एकदा तिने स्वतःला ऐकवलं.

मग मजकूर. लोकांच्या एकेका शोधाला, नेहमी चुकणाऱ्या एकेका शब्दाला एक छोटं पान, मथळा तसाच प्रश्नार्थक, असं ठरलं. आत्या लिहायला बसली की परत परिपत्रक व्हायचं. बोलताना मात्र तीच बाई काय बोलते. म्हणून मी फोनचं रेकॉर्डिंग चालू करून ओट्यावर ठेवायचे आणि तिला डिवचायचे.

"'पाणी'चा णी दीर्घ, मग 'आणि'चा ऱ्हस्व का? तुमच्या नियमांना काही धरबंध आहे की नाही?"

"शेवटची वेलांटी मराठीत दीर्घच. 'आणि' आणि 'नि' ही घरातली दोन लाडावलेली पोरं, त्यांना सूट. लाडाला कारण विचारतात का कुणी?"

हे तसंच्या तसं उतरवून घेतलं. ती वाचून म्हणाली, "हे काय लिहिणं आहे? हे तर नुसतं बोलणं आहे." पण एक अक्षर बदललं नाही. बदलला तो एक स्वल्पविराम.

पानं वेबसाइटवर चढली आणि काहीच झालं नाही. सर्चमध्ये वर यायला वेळ लागतो, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते आणि ते रोज माझ्यावर चिडतात. आत्या चिडली असती तर बरं झालं असतं. ती खचत चालली. गणपती गेले, नवरात्र आलं, झुंबावाल्या मॅडम एकदा हॉल बघून गेल्या आणि आरसा कुठे लावायचा ते ठरवून गेल्या. त्या शनिवारी वर्गाला तिघं होती. "राहू दे गं आता," ती मला म्हणाली. मी रात्री घरी जाऊन आईवर उगाच खेकसले.

मग दसऱ्याच्या सुमाराला पानं वर सरकायला लागली. आधी 'आणि'वालं, मग मथळ्यातल्या प्रश्नाचं. आत्याचा फोन वाजायला लागला. एक सोसायटीचा सेक्रेटरी, नोटिसा लिहिणारा. दोन पत्रकारितेच्या मुली. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांना आत्मचरित्र लिहायचं होतं आणि ते त्यांनी फोनवरच सांगायला सुरुवात केली होती. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी मी मुद्दाम हॉलवर गेले, तर कार्यवाह स्वतः खालून खुर्च्या वर आणत होते. हॉल वाचला होता. आत्या साडीचा पदर उगाचच नीट करत होती.

वर्ग सुरू व्हायच्या आधी ती नव्या माणसांना विचारत होती, कसे आलात. मागच्या रांगेत वरळीच्या बीडीडी चाळीतून आलेल्या एक बाई होत्या, माझ्या आईच्या वयाच्या. त्या उभ्या राहिल्या. लेकीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला होता. त्यात 'आशीर्वाद'चं 'आर्शिवाद' झालं. पत्रिका छापून गेल्या. सासरकडच्या कुणीतरी त्या शब्दाला गोल करून फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली सगळे हसले. लेकीने ग्रुप सोडला. आईशीही आठ दिवस बोलली नाही.

"मग मी मोबाईलवर बघितलं, हा शब्द कसा लिहितात," त्या म्हणाल्या. "मला येतो तसाच टाकला. बाकी सगळीकडे बरोबरच लिहिलेलं होतं. तुमच्याकडे मात्र वर आधी माझ्यासारखं लिहिलेलं होतं. मला वाटलं, या बाईंना माझ्यासारखी माणसं ठाऊक आहेत. इथे कुणी हसणार नाही."

आयुष्यभर आत्याने चुकीचा शब्द पाहिला होता, त्यामागे कुणी लाजेने गुदमरत असेल, असं तिच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नव्हतं. मला तो फक्त शोधशब्द होता.

"त्या ओळीत पुढे काय लिहिलं होतं तुम्ही?" आत्याने विचारलं.

बाईंनी खाली बघत सांगितलं, "'लेक आमची आहे, तुमच्या आशीर्वादाने तुमचीही होऊ दे.'"

"वाक्य कुणाकडून घेतलंत?"

"कुणाकडून नाही. माझंच आहे."

"मग तुमचं मराठी चांगलं आहे," आत्या म्हणाली. "फक्त रफार एक अक्षर अलीकडे पडला आणि एक वेलांटी चुकली. बाकी काही चुकलेलं नाही."

बाई मटकन खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. आत्याने हातातला खडू ठेवला. ती मागच्या रांगेत गेली, त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली, आणि म्हणाली, "लेकीला पुढच्या शनिवारी घेऊन या."