मागच्या सीटवर निजलेली मुलगी

ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेली नाही. खून, दरोडे, दंगे सगळं पाहिलं, पण त्यांचे तपशील आता जुने कागद काढून आठवावे लागतात. या प्रकरणाचे कागद चार पानांचेसुद्धा नव्हते, तरी सगळं जसंच्या तसं आठवतं.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. राज्य नवं, कार्यालयं नवी आणि जो तो घाईत. नागपूर-अमरावतीकडची बरीच मराठी मंडळी नव्या कार्यालयांत नोकरीला आली होती. या कार्यालयांनी एजन्सीकडून गाड्या भाड्यानं घेतल्या होत्या, सगळ्या पांढऱ्या आणि एकाच बनावटीच्या. नोकरदारांनीही हप्त्यावर तीच गाडी घ्यायची, तोच रंग घ्यायचा. त्यात नव्या राज्याचे नंबर मिळायला वेळ लागे, म्हणून अर्ध्या गाड्या बिननंबरच्या फिरत. वाहतूक शाखा बोंबलत होती, पण ऐकतो कोण.

मी तेव्हा तेलीबांध्याकडच्या भागाचा ठाणेदार होतो. एप्रिलचे दिवस होते. सकाळची शिपायांची गणती उरकून मी ठाण्याचा रोजनामचा चाळत होतो, तोच पावणेआठला एका शाळेतून फोन आला. फाटकासमोरून एका बाईची गाडी कोणीतरी पळवली होती, आणि गाडीत बाळ होतं.

पाच मिनिटांत मी शाळेपुढे होतो. बाई तिशीची, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, एका पायातली चप्पल कुठेतरी गेलेली. नवरा दौऱ्यावर होता. मोठी मुलगी पहिलीत होती, ती फाटकावरच रडायला लागली म्हणून आई तिला वर्गापर्यंत सोडायला गेली. धाकटी आठ महिन्यांची. ती मागच्या सीटवर दोन उशांमध्ये निजली होती.

मी आधी हिंदीत विचारत होतो. माझ्या छातीवरचं आडनाव वाचलं आणि ती मराठीवर आली.

"साहेब, चारच मिनिटं गेली असन. मले काहीच सुचून नाही राहिलं."

"किल्ली?"

"गाडीतच होती. एसी चालू ठेवला होता. गर्मी होते ना पोरीले."

"पण ठेवलं काहून तिले एकटीले?"

"निजली होती साहेब. उठवावं नाही वाटलं."

"आई असून असं करता?" मी म्हणालो. एकदा नाही, दोनदा म्हणालो. पोलिसाला हा प्रश्न तपासाचा वाटतो, पण असतो तो रागाचा. ती बाई खाली मान घालून उत्तरं देत राहिली आणि मी विचारत राहिलो.

घरात कोणाशी भांडण आहे का, असं विचारल्यावर कळलं की मुलीला सांभाळणारी बाई महिन्यापूर्वी कुरबुर होऊन काम सोडून गेली होती. झालं! माझ्या डोक्यात गुन्हा तयार झाला. त्या सांभाळणाऱ्या बाईनं माहिती दिली, तिच्या कोणा ओळखीच्यानं गाडी उडवली. माझा अंदाज सहसा चुकत नसे, आणि हे मी चारचौघांत सांगतही असे. दोन शिपाई तिच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, पाठवले. सगळीकडे नाकाबंदी लावली आणि वायरलेसवर हुकूम दिला की पांढरी, नवी, बिननंबरची गाडी दिसेल तिथे थांबवा. मग काय, निम्मी राजधानी रस्त्यात उभी राहिली. एका गाडीतून मोठे साहेब निघाले आणि त्यांनी मला वायरलेसवरच झापलं.

त्या सांभाळणाऱ्या बाईच्या घरून शिपायांचा निरोप आला की ती हातपंपावर कपडे धूत आहे आणि बाळाचं ऐकून तिथेच बसून रडायला लागली आहे. माझा गुन्हा तिथेच कोसळला. घड्याळात सव्वाआठ झाले होते. ऊन शाळेच्या भिंतीवर चढलं होतं. एवढा वेळ मी एका आईला तिची चूक समजावण्यात घालवला होता.

एव्हाना पालकांच्या गाड्या निघून गेल्या होत्या. रस्ता मोकळा झाला आणि मला फाटकापासून वीस पावलांवर एक गाडी दिसली. पांढरी, नवी, बिननंबरची. आत कोणी नाही. दार उघडं आणि किल्ली पायाखालच्या चटईवर ठेवलेली.

मी चौकीदाराला बोलावलं. "ये किसकी है?"

"एजेंसी की है साहब. ड्राइवर बच्चे को छोड़ के बस पकड़ने चला गया. बोला, दूसरा ड्राइवर आके ले जाएगा."

"पहले क्यों नहीं बताया?"

"आप तो गई हुई गाड़ी पूछ रहे थे साहब. खड़ी वाली तो किसी ने पूछी ही नहीं."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. साक्षीदार विचारलं तेवढंच सांगतो, हे मी नव्या पोरांना शिकवत असे.

एजन्सीचा फोन नंबर त्याच गाडीच्या काचेवर होता. मालक म्हणाला, बदलीचा ड्रायव्हर कालच कामाला लागला आहे. त्याला सांगितलं होतं, शाळेपुढे पांढरी नवी गाडी उभी आहे, किल्ली आतच आहे, घेऊन सिलतऱ्याला जा, तिथल्या कारखान्यावर तपासणीला गेलेल्या साहेबांना आणायचं आहे. पुढचं त्या ड्रायव्हरनंच मला नंतर सांगितलं: तो आला तर एक गाडी चालूच होती. त्याला वाटलं, आधीच्या ड्रायव्हरनं साहेबांसाठी गार करून ठेवली. मागे वळून पाहायची त्याला गरजच पडली नाही.

आमच्या सगळ्या गाड्या नाकाबंदीवर होत्या, सिलतऱ्याच्या जवळ एकही नव्हती, म्हणून मीच बाईला जीपमध्ये घेतलं. मोठ्या मुलीला शाळेतल्या मॅडमनी जवळ बसवलं. सिलतऱ्यापर्यंत अर्धा तास लागणार होता. मला भीती वाटत होती, खरीखुरी. आपले ड्रायव्हर काय करतात, मला ठाऊक होतं. पोचले की इंजिन बंद, काचा वर, आणि स्वारी झाडाखाली. त्या पत्र्यात एप्रिलच्या उन्हात आठ महिन्यांचं मूल किती वेळ राहील, याचा हिशोब मी करत होतो, आणि बाजूला बसलेली तिची आईही तोच करत होती.

कारखान्याच्या फाटकाशी गाडी उन्हात उभी होती. काचा बंद. मी धावत गेलो आणि आत डोकावलो. मागच्या सीटवर फक्त दोन उशा होत्या.

"नोनी इहाँ हे साहब!" समोरच्या चहाच्या टपरीतून आवाज आला. नोनी म्हणजे लहान मुलगी, आमच्याकडची पोट्टी. टपरीवाल्या बाईच्या मांडीवर मुलगी होती आणि ती तिला चमच्यानं पाणी पाजत होती. शेजारी ड्रायव्हर हात जोडून उभा.

इंजिन बंद केल्यावर शांततेत त्याला मागून कुरकुर ऐकू आली होती. मी विचारण्याआधीच तो बोलून गेला, "भागने का मन हुआ था साहब. झूठ नहीं बोलूँगा. पर उठाया तो मेरी उँगली पकड़ ली."

आईनं मुलगी घेतली. तिचे तळपाय चाचपले, तोंड उघडून पाहिलं आणि टपरीवालीला विचारलं, "पानी कितना पी?" रडली नाही. ड्रायव्हरकडे पाहून मला एवढंच म्हणाली, "याले सोडून द्या साहेब. यानं काही केलं नाही."

गुन्हा नव्हताच. जबाब घेऊन ड्रायव्हरला सोडलं. त्या सांभाळणाऱ्या बाईच्या घरी मात्र मी स्वतः गेलो आणि माफी मागितली.

घरी जेवताना बायकोला सगळं सांगितलं, थोडं रंगवूनच. ती ताटात भाजी वाढत म्हणाली, "अन् आपल्या पोट्टीले तुम्ही जीपमधी निजवून कोर्टात गेलते, ते?"

"शिपाई होता ना जवळ."

"तो चहा प्यायले गेलता."



दुसऱ्या दिवशी मुलीच्या आईच्या सहीसाठी तिच्या घरी, समता कॉलनीत गेलो. रात्रीतून सासू गावाहून आली होती, नवरा परतला होता, शेजारीही जमले होते. बाई कोपऱ्यात मुलीला घेऊन बसली होती. सासूनं मला पाणी दिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्हीच सांगा साहेब, आई अशी असते काय?"

घर माझ्याकडे पाहू लागलं. वर्दीतल्या माणसाचा शब्द अशा घरात बरीच वर्षं टिकतो.

"मावशी," मी म्हणालो, "माह्या पोरीलेही मी असंच जीपमधी ठेवून गेलो होतो. माही जीप कोणी नेली नाही, एवढाच फरक."

आदल्या दिवसापासून न रडलेली ती बाई तेव्हा रडली. नवरा उठून तिच्याजवळ जाऊन बसला. मी सही घेऊन निघालो.

त्यानंतर मूल हरवल्याचा फोन आला की आईला माझा पहिला प्रश्न असे, बाळाच्या अंगावर कोणते कपडे आहेत, शेवटचं दूध कधी प्यालं. एकटं का सोडलं, हे मूल सापडल्यावर विचारू, असं मी ठरवलं होतं. मुलं सापडली, आणि तेव्हा आयांच्या तोंडाकडे पाहून ते विचारावंसं एकदाही वाटलं नाही.