चौथ्या डब्याखालचं पाणी

बी.एस्सी. झाल्यावर मला पहिलं काम मिळालं ते रानात. मालवणपासून बरंच आत, एका कॉलेजने संशोधनासाठी राखलेलं रान होतं. सकाळ-संध्याकाळ तापमान टिपायचं, वारा बघायचा आणि जमीन किती वायू बाहेर टाकते ते मोजायचं. त्यासाठी पत्र्याचे सहा डबे जमिनीवर पालथे घातलेले असत. प्रत्येकाखाली काचेच्या वाटीत कॉस्टिक सोड्याचं पाणी. मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड ते दिवसभर शोषून घेई.

दिसायला अगदी पिण्याच्या पाण्यासारखं. "विष असा बोर्ड लावा," असं कॉलेजातल्या सरांनी मला बजावलं होतं. रंग आणायचा राहिला म्हणून बोर्डाविनाच आठवडा गेला.

मार्चमधल्या एका सकाळी चौथा डबा उचलला, तर खाली वाटीच नव्हती. डबा मात्र नीट पालथा, वर दगडही ठेवलेला. म्हणजे जनावर नव्हे, माणूसच. कुणी तहानेने ते प्यायलं असलं तर?

धावत खालच्या वाडीत गेले. पहिल्याच घरात एक बाई भाकऱ्या थापत होती. "सकाळी रानात कोण गेलं होतं?" मी विचारलं.

"आमची सासू गेल्ली, पातेरो आणूक. अजून येवक नाय," ती म्हणाली.

पातेरा म्हणजे वाळका पाला; भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, तेव्हा सगळेच गोळा करत. मी तशीच रानाच्या वाटेवरच्या ओढ्याकडे, व्हाळाकडे, धावले. वाटेत दोनदा पडले. म्हातारी काठावर बसली होती, दोन्ही हात पाण्यात. शेजारी माझी वाटी, रिकामी.

"आजी, तां पाणी पियालंस काय गो?" मी ओरडलेच.

तिने माझ्याकडे बघितलं. "पियाक कित्याक? हंय व्हाळ आसा मां! वाटी बरी दिसली म्हणान ओतून टाकलंय. हात बुळबुळीत झाले नि झोंबाक लागले. मगासपासून धुतंय."

मी तिचे हात हातात घेऊन बघितले. रडू आवरेना. तिची बोटं लालभडक झाली होती. तिला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे गेले. इतका वेळ हात धुतले तेच बरं झालं, असं ते म्हणाले.

संध्याकाळी सरांना सगळं सांगितलं, बोर्डाचंही. नोकरी गेली असंच धरून चालले होते. सर म्हणाले, "उद्या मला त्यांच्या घरी घेऊन चला."

म्हातारीपुढे त्यांनी हात जोडले, आता मोठा बोर्ड लावतो म्हणाले. ती म्हणाली, "माका खंय वाचूक येता?"

मग मी वाडीतल्या घराघरांत जाऊन वाटी दाखवली, समजावलं. डब्यांभोवती जाळी ठोकली. नोकरी राहिली. पण पुढची दोन वर्षं रोज सकाळी वाट्या मोजून होईपर्यंत मला धड बोलता येत नसे. म्हातारीच्या दोन बोटांवर पांढरे डाग राहिले. ती त्याबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही. मीच तिच्या हातांकडे बघणं टाळत असे.