बाबांच्या हातातले बूट

आज दुबईतल्या अल मनखूलच्या घरात संत्रं सोललं आणि त्या वासासरशी कॉर्दोबाचं ते अंगण आठवलं. शाळेच्या सुट्टीत बाबा आम्हाला स्पेनला घेऊन गेले होते. तिथल्या जुन्या मशिदीत आता चर्च आहे, अंगणभर संत्र्यांची झाडं आहेत. दुबईच्या सवयीने बाबांनी दारातच बूट काढले. पहारेकरी हसून म्हणाला, "नो नीड, सर." बाबा मला म्हणाले, "असू दे गं, देवाचं घर आहे."

"बाबा, एव्हरीवन इज लुकिंग," असं पुटपुटून मी लाल-पांढऱ्या कमानींखालून भराभर पुढे निघाले.

बाबा गेल्यावर त्यांनी काढलेले त्या सहलीचे फोटो पाहिले. तिथल्या प्रत्येक फोटोत मी पाठमोरी आहे, आणि सगळे थोडे तिरके आलेत. त्यांच्या दुसऱ्या हातात बूट होते.