मोड्या नांगीचा विंचू

पडद्यावर तो हात आला आन् मी थिजलीच.

कन्हानले शाळेच्या मैदानात आमच्या डॉक्टरसाहेबानं सफेद चादर बांधली होती. स्लाइड म्हंजे काचेतला एवढासा फोटो. मशीनीतून उजेड टाकला का भिंतीएवढा होते. महारोग वळखा, भिऊ नका, औषध घ्या, हे लोकाइले दाखवाचं होतं. मी त्याइच्या नागपूरच्या दवाखान्यात आया होती. चादर बांधाले, बाया बसवाले मी संग जायची.

तो हात शांतेचा होता. ती कन्हानचीच. नवरा कोळशाच्या खदानीत. गावात कळू नये म्हनून ती बसनं नागपूरले आमच्या दवाखान्यात यायची. सासूले सांगे, कमरेचं औषध आनतो. दंडावर चट्टा होता. तिथं सुई टोचली त समजत नव्हती, हेच या रोगाची खून. फोटो काढताना तिनं इचारलं होतं, "साहेब, कोनी वळखन त नाई?"

"डोळ्यावर काळी पट्टी येईल, बाई. काळजी नको."

पट्टी आली होती. बरोबर डोळ्यावर. पन मनगटावर गोंदलेला विंचू तसाच. नांगी अर्धी. लहानपनी गोंदताना तिनं रडून हात ओढला, तशीच राहिली.

समोरून एक बाई वरडली, "अवं, हा त शांतीचा विंचू! इहिरीवर रोज पायतो मी."

"हट वं!"

"हट काहून? मोड्या नांगीचा दुसरा हाये का गावात?"

मी धावली, उजेडापुढं उभी राहिली. त चट्टा माह्या पाठीवर पडला. लोकं हासले.

"मावशी, बाजूला व्हा, दिसत नाही त्यांना."

"बंद करा साहेब. इथलीच हाये ती."

मशीन बंद झाली. तवर सारे मांग वळून पाहून राहिले होते. शांता लेकराले घेऊन मांगच बसली होती. तिनं हात पदरात घेतला.

दुसऱ्या हप्त्यात ती दवाखान्यात आली, बोचकं घेऊन. लेकरू सासूनं ठेवून घेतलं होतं.

साहेब म्हनले, "मी डोळे झाकले होते, बाई."

"सासरी डोक्यावर पदर असते साहेब. माहे डोळे कोनं पायले? सारे हातच पायतेत."

औषध पुरं झालं, चट्टा गेला. साहेब सोता कन्हानले जाऊन समजावून आले. सासूनं त्याइले चहा पाजला आन् नाई म्हनलं. शांता उमरेडले माहेरी राहिली. लेकरू काही भेटलं नाई.

आता माही नात मोबाइलात फोटो टाकते. तोंडावर फूल चिकटवते, म्हने कोनी वळखत नाई. मी म्हनतो, बाई, पयले हात झाक.