उशिरा येणारं हसू

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी तुमच्या या आजीला विचारलंत, रेडिओचे आणखी चाळीस जुने कार्यक्रम सापडलेत, विनोदी पाठवायचे की गुप्तहेरांचे? आजोबा माझ्या शेजारीच बसले होते. ते हळूच काहीतरी बोलले. तुम्ही म्हणालात, काय म्हणतायत आजोबा? मी सांगितलं, विनोदी पाठवा म्हणतात. ते खोटं होतं. आजोबा म्हणाले होते, "आते नको." म्हणजे आता नको. एवढं मला नक्की समजलं होतं.

हे पत्र इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला बाबांकडून वाचून घ्यावं लागलं नसतं. दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही कागद फाडले. या घरात आता इंग्रजी वाक्य लिहायला घेतलं की माझा हात अडतो.

पाच वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तुम्ही तो काडेपेटीएवढा स्पीकर आणलात. आत जुन्या अमेरिकन रेडिओवरची नाटकं, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची. तुम्ही परत गेलात आणि आम्ही आधी कुतूहल म्हणून आणि मग सवयीने रोज पाच वाजता ऐकायला बसू लागलो. आवाज लहान होता, तर आजोबांनी साखरेचा जुना स्टीलचा डबा रिकामा केला आणि स्पीकर त्यात ठेवला. डबा घुमायला लागला. साखर मग प्लास्टिकच्या बरणीत गेली आणि मुंग्यांनी आमचा पिच्छा पुरवला, पण डबा परत मिळाला नाही.

मी वही केली. तारीख, कार्यक्रम, कितवा भाग, आणि शेवटच्या रकान्यात आजोबांचा शेरा. जन्मभर विज्ञान शिकवलेला माणूस. पास, नापास किंवा विशेष प्रावीण्य, याखेरीज बोलायचे नाहीत. गुप्तहेरांची नाटकं हिवाळ्यात ऐकायचो. पथारीवर, म्हणजे गावाबाहेरच्या वाळवणाच्या माळावर, मिरच्या वाळत घातलेल्या असायच्या, वारा फिरला की घरात ठसका यायचा, आणि खुनी माणसाची पावलं जिन्यावर वाजू लागली की नेमके आजोबा शिंकायचे. मध्येमध्ये साबणाच्या जाहिराती असत. तो निवेदकाचा गोड आवाज त्यांनी असा उचलला होता की मोरीतून कपड्याचा साबण हातात घेऊन ते मला अमेरिकन उच्चारात तो विकायला यायचे. लग्न झालं तेव्हा त्यांचे इंग्रजी उच्चार मी सुधारले होते. म्हातारपणी ते माझ्या पुढे गेले. मला न समजलेली बोली भाषेतली कोटी तेच समजावून सांगायचे, आणि तेव्हाचा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

एक भाग आम्ही सात-आठ वेळा ऐकला. एक माणूस लिलावात पियानो घेतो. तो दारात अडकतो, अर्धा आत, अर्धा बाहेर. आत असते बायकोची मावशी, जी त्याच दिवशी परत जाणार असते. कोणी ढकललं की पियानोचा एक सूर वाजतो, आणि मावशी आणखी एक दिवस राहते. आजोबा दरवेळी म्हणायचे, "त्या घराला मागचं दार नाही का?" मी म्हणायचे, मागचं दार असतं तर नाटक झालं नसतं. मग त्यांचे खांदे हलायला लागायचे, हात खुर्चीवर आपटायचा आणि डोळ्यांतून पाणी यायचं. असं हसणं मी दुसऱ्या कोणाचं पाहिलं नाही.

गेल्या वर्षी होळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात आणि वाचा गेली. नवापूरमार्गे सुरतेला नेलं, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला न सांगितलेली गोष्ट अशी की, सहा दिवसांनी त्यांची वाचा परत आली तेव्हा पहिलं वाक्य त्यांनी नर्सला म्हटलं, मला नाही. "मन्हा चष्मा कोठे शे?" माझा चष्मा कुठे आहे? ते अहिराणी होतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. मागून शिकलेल्या भाषा आधी जातात, आईची राहते. मराठी हळूहळू थोडी परतली, सावकाश बोललं तर समजण्यापुरती. इंग्रजी गेलं ते गेलंच.

अहिराणी या घरात नव्हती, कारण मी ती येऊ दिली नव्हती. मी नाशिकच्या इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी, लग्न होऊन नंदुरबारला आले. सासूबाई तीच भाषा बोलायच्या. मी त्यांच्यापुढे काही म्हटलं नाही, पण तुमच्या बाबांचा जन्म झाल्यावर ठरवलं की पोराच्या कानावर शुद्ध मराठी आणि चांगलं इंग्रजी, एवढंच पडेल. आजोबांनी वाद घातला नाही. गावाहून भावाचा फोन आला की ते गॅलरीत जायचे आणि दार ओढून घ्यायचे. दाराआडून मोठ्याने हसणं ऐकू यायचं. फोन संपला की आत येऊन माझ्याशी माझ्या भाषेत बोलायचे. भाऊ वारले तेव्हापासून त्यांच्याशी ती भाषा बोलणारं कोणी उरलं नव्हतं. ते मी तेव्हा मोजलं नाही.

सुरतेहून घरी आणल्यावर चौथ्या दिवशी पाच वाजता मी डबा लावला. ते हसले. मी तुम्हाला आनंदाने कळवलं, आजोबा हसले म्हणून. तो निरोप तुमच्याकडे अजून असेल. तीन महिने मी वही लिहीत होते. शेरा विचारला की ते मान हलवायचे आणि मी "पास" लिहायचे.

मग जाणवू लागलं की त्यांचं हसू उशिरा येतं. रेडिओतली माणसं आधी हसतात, मग आजोबा. अर्धा क्षणच, पण दरवेळी. खांदे हलत नव्हते. मला शंका आली, आणि मी एक गोष्ट केली जी करायला नको होती. त्या दिवशी मी खुनाचं नाटक लावलं. तिथे हसणारे प्रेक्षक नसतात. कुठे घाबरायचं ते आपलं आपल्याला कळावं लागतं. आजोबा डब्याकडे बघत नव्हते. पूर्ण अर्धा तास ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मी मुद्दाम नको तिथे दचकले, तर तेही दचकले.

मी वही उघडून ते तीन महिन्यांचे "पास" एकेक करून खोडले.

आजोबांचं करायला तेव्हा शहाद्याकडच्या एक बाई यायला लागल्या होत्या, पन्नाशीच्या, अजूनही येतात. मला बाई म्हणतात आणि त्यांना आबा. दोघं सकाळपासून अहिराणीत बोलत असतात. मी त्यांना म्हटलं, मला शिकवा. त्या हसल्या, म्हणाल्या, हे काय शिकायचं असतं का बाई, हे तर येतं. तरी मी शब्द लिहून घेतले, नव्या वहीत, रकाने आखून. पंधरा दिवस पाठ केले. मग एका संध्याकाळी आजोबांसमोर बसून पियानोची गोष्ट अहिराणीत सांगितली. वही मांडीवर होती. मावशीपर्यंत पोचायला मला पाव तास लागला. ते चांगल्या परीक्षकासारखे ऐकत होते, मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तू थकी गई."

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

मग मी दुसरी वाट काढली. गोष्ट मी मराठीत त्या बाईंना सांगायची आणि बाईंनी ती अहिराणीत आजोबांना. पियानो म्हणजे काय, इथेच त्या अडल्या. मी म्हटलं, कपाटाएवढी पेटी. त्यांनी थोडा विचार केला आणि पियानोची धान्याची लोखंडी कोठी केली. मावशी तीच राहिली, पण आता ती धुळ्याची होती आणि तिला बस गाठायची होती. बाई उठून उभ्या राहिल्या. कोठीला खांदा कसा लावला, मावशी आतून कशी ओरडली, हे सगळं त्यांनी करून दाखवलं. कोठी कोणी ढकलली की त्या तोंडाने धन्नकन आवाज काढायच्या.

आजोबांचे खांदे हलले. मग हात खुर्चीवर आपटला. आणि ते म्हणाले, "मांगलं दार नही का?"

मागचं दार. तेच! दरवेळी मला म्हटलेलं तेच वाक्य, फक्त माझ्याकडे न बघता. माझं उत्तर माझ्या ओठांवर आलं. पण बाईंनी त्यांचं उत्तर आधी दिलं, झटकन, मला एक शब्द कळला नाही. आजोबा इतके हसले की बाईंना पदराने त्यांचे डोळे पुसावे लागले. ते काहीतरी उलट बोलले, बाईंनी त्यांना टोमणा मारल्यासारखं काही म्हटलं, पुन्हा दोघं हसले. मीही हसले. काय करणार होते?

आजोबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती, खरंच विचारत होते. "तू काबर हासी ऱ्हायनी?"

तू का हसते आहेस? संध्याकाळी स्वयंपाकघरात मी बाईंना विचारलं, मागच्या दाराचं तुम्ही काय उत्तर दिलंत. त्यांनी सांगायचा प्रयत्न केला, दोनदा सुरुवात केली, मग म्हणाल्या, "बाई, मराठीत सांगितलं तर त्यात काहीच नाही."

त्यानंतर पाच वाजता डबा लागेनासा झाला. बाई त्यांच्या गावच्या गोष्टी सांगायच्या आणि मी चहा घेऊन बसायचे. आजोबा हसायचे, त्यामुळे तक्रार कसली करायची? संसाराच्या अठ्ठेचाळीस वर्षांत त्यांनी गॅलरीचं दार किती वेळा ओढलं असेल, एवढंच मनात यायचं. आता दार उघडं होतं आणि मी बाहेरच होते. तुमच्या बाबांनाही ही भाषा येत नाही. रविवारी फोनवर तुम्ही शेजारी बसलेल्या बाबांनाही "आजोबा काय म्हणाले" असं विचारलंत आणि त्यांना सांगता आलं नाही, तो दोष माझा आहे, त्यांचा नाही.

मागच्या आठवड्यात बाई भाचीच्या लग्नासाठी चार दिवस गेल्या. घर अगदी शांत झालं. मी सावकाश मराठीत विचारायचे, चहा हवा का, ऊन लागतंय का, आणि ते मान हलवायचे. तिसऱ्या दिवशी पाच वाजता मी चहा घेऊन आले तर टेबलावर डबा होता. त्यांनीच, चालत्या डाव्या हाताने, कपाटातून काढून आणला होता. ढकलत माझ्यापुढे सरकवला. स्पीकर सुरू करणं त्यांना जमलं नव्हतं, ते मी केलं.

पियानोचाच भाग लागला. माणसं हसली आणि अर्ध्या क्षणाने आजोबा हसले, माझ्या चेहऱ्याकडे बघत. त्यांना एक शब्द कळत नव्हता, आणि कळत नाही हे मला ठाऊक आहे, हेही त्यांना माहीत होतं. तरी ते हसत राहिले, प्रत्येक वेळी, उशिरा, मी एकटी पडू नये म्हणून. मीही हसत होते, ते थांबू नयेत म्हणून. पूर्ण अर्धा तास आम्ही दोघं असे हसलो. संपलं तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

त्यानंतर रविवारी तुमचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "आते नको."

म्हणून सांगते, पाठवू नका. तुम्ही प्रेमाने शोधता, आणि ते कार्यक्रम चांगले आहेत, तुम्ही जरूर ऐका. पियानोचा भाग दोघांनी एकत्र ऐका. इथे मात्र आता ते ऐकणारी मी एकटी आहे, आणि ते मला जमत नाही. स्पीकर कपड्यात गुंडाळून तुमच्या नावाने ठेवला आहे. डबा काल घासला, उन्हात वाळवला आणि त्यात परत साखर भरली.